तीनशे पत्त्यांची कॅसेट

१

कॅसेट कोरी निघाली तेव्हा खोलीत कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे नुसते कमळाबाई रामटेकेंकडे पाहायला लागले. निकाल तिथेच लागला होता. तपास तेवढा राहिला होता.

१९८७ चा फेब्रुवारी, रविवारची सकाळ. चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आत, सायकलच्या दुकानावरच्या माडीत आमचा होम कॉम्प्युटर क्लब भरायचा. कॉम्प्युटर एकच. अध्यक्ष देवराव पिंपळशेंडे यांच्या भावाने लंडनहून आणलेला स्पेक्ट्रम, शाळेच्या पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. टीव्हीला जोडायचा आणि सुरू करायचा. पण वीज गेली की त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. म्हणून जे जपायचं ते टेपरेकॉर्डर लावून साध्या कॅसेटवर उतरवून ठेवायचं, लोक गाणी भरतात तसल्याच.

त्या कॅसेटवर क्लबच्या तीनशेच्या वर सभासदांचे पत्ते होते. देवरावांनी ती लावली. टीव्हीवर इंग्रजीत उमटलं, टेप लोडिंग एरर, म्हणजे कॅसेट वाचता येत नाही. आवाज कमीजास्त करून पाहिला. तेच. मग कपाटातून दुसरी काढली, तिच्यावर त्याच पत्त्यांची जोडप्रत होती. तीही तशीच.

देवराव घुग्घुसच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनीयर. त्यांनी शांतपणे नवी कॅसेट घातली, दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, कॅसेटवर उतरवला आणि परत वाचून घेतला. लगेच वाचला.

"मशीन ठीक, टेपरेकॉर्डर ठीक," ते म्हणाले. "मग पुसल्या कोणी? दोन्ही पुसल्या म्हणजे चुकून नाही. रामटेके बाई, राग होता तर माझ्याशी भांडायचं होतं."

"मी पुसलं नाई," कमळाबाई म्हणाल्या.

देवरावांनी कागद ओढला आणि सगळ्यांदेखत पत्र लिहायला घेतलं. कमळाबाई ज्या शाळेत विज्ञान शिकवत ती चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांना. बाईंची नोकरी कच्ची होती. सार्वजनिक वस्तूची नासधूस, असं एका अध्यक्षाच्या सहीने लिहून गेलं की कच्ची नोकरी पक्की होत नाही, ती संपते. पत्र सोमवारी सकाळी शाळेत जाणार होतं.

कोपऱ्यातून आवाज आला. "साहेब, पत्र लिहा. पण आज सांज होईस्तोवर माह्याजवळ ठेवा. पत्रं सांभाळाची सवय हाये मले."

बापूराव निकुरे. टपाल खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. आयुष्यभर हरवलेली पाकिटं आणि ती हरवणारी माणसं शोधत जंगलभर फिरलेला माणूस.

२

पत्त्यांचा हा प्रोग्राम काय होता ते सांगितलं पाहिजे, नाही तर एवढा गोंधळ कशासाठी ते कळायचं नाही.

आमच्या बहुतेक सभासदांनी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. धानोऱ्याचे, अहेरीचे, सिरोंच्याचे मास्तर, कंपाउंडर, वनरक्षक. ते कागदावर प्रोग्राम लिहून पोस्टाने धाडायचे. कमळाबाई रविवारी तो मशीनमध्ये घालायच्या आणि उत्तर पोस्टाने परत पाठवायच्या. जंगलातला माणूस कंदिलाच्या उजेडात विचार करायचा, चंद्रपूरचं मशीन तो चालवून बघायचं, आणि मध्ये सायकलवरचा पोस्टमन. मी पुण्यामुंबईच्या लोकांना हे सांगतो तेव्हा ते हसतात. हसू द्या.

कमळाबाईंनी पत्त्यांचा प्रोग्राम लिहिला आणि ह्या सगळ्याला पाठीचा कणा आला. नाव टाका, माणूस सापडतो. तालुका टाका, त्या तालुक्यातले सगळे ओळीने. पिनकोडप्रमाणे लावायला सांगितलं की मशीनला चहा पिण्याइतका वेळ लागायचा, पण लावायचं. बापूराव पहिल्यांदा आले तेव्हा त्या रिकाम्या पडद्यासमोर खुर्ची ओढून हात जोडल्यासारखे बसले होते. पत्ते ओळीने लागून पडद्यावर आले तेव्हा म्हणाले, आमचे सॉर्टर रात्रभर उभे राहून हे करतात, पाय सुजतात त्यायचे. मग छोट्या छपाईयंत्रातून चार बोटं रुंदीची चंदेरी कागदाची पट्टी सरसरत बाहेर यायची, जळक्या वासाची, तिच्यावर एकेक पत्ता. ती कापून क्लबच्या बुलेटिनवर चिकटवायची. गावोगावी लोक ती पट्टी सोलून भिंतीला, पेटीला, पुस्तकाला लावून ठेवत.

बुलेटिन सायक्लोस्टाइल करण्याचं, मेणाच्या स्टेन्सिलवरून प्रती काढण्याचं काम माझं. जानेवारीच्या अंकात देवरावांनी स्टेन्सिलवर स्वतःच ओळ घातली: पत्त्यांच्या प्रोग्रामचे कर्ते, श्री. देवराव पिंपळशेंडे. कमळाबाई सभेत उभ्या राहिल्या. प्रोग्राम माझा, नाव काऊन तुमचं, एवढंच विचारलं. देवराव म्हणाले, मशीन माझं. तेव्हा बाई म्हणाल्या, "मंग मशीनलेच पत्ते विचारा." आता तेच वाक्य त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

पत्त्यांचं जुनं रजिस्टर? ते नव्हतं. पहिली चंदेरी पट्टी निघाली त्या दिवशी देवरावांनी नारळ फोडून रजिस्टर रामाळा तलावात सोडलं होतं. कागदाचं युग संपलं म्हणून भाषण झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. शिकलेल्या माणसांना चमत्कार दिसला की हातातलं पहिलं पाण्यात टाकायची घाई होते.

बापूरावांनी हे सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि पाय पोटाशी घेऊन बसले. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पत्र पोचलं नाई की लोक पयले इचारतात, चोर कोन. मी कधी ते इचारलं नाई. मी इचारो, गेलं का खरंच?"

३

कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक कमळाबाईंकडे, एक देवरावांकडे. कुलूप धड होतं. सकाळपासून संशय एकाच किल्लीवर आला, दुसरीवर नाही. का आला नाही, हे सांगायला इन्स्पेक्टर लागत नाही. एक किल्ली इंजिनीयर साहेबांच्या खिशात होती आणि दुसरी बौद्ध मोहल्ल्यातल्या बाईच्या पर्समध्ये.

बापूरावांनी बाईंना विचारलं, शेवटचं कधी लिहिलं. दोन रविवारांपूर्वी, त्या म्हणाल्या. एक नवीन सभासद वाढवला, शेवटी जोडला, दोन्ही कॅसेटवर उतरवलं, मशीनला ताडून पाहायला सांगितलं. बरोबर आहे असं मशीननेच दाखवलं. मग टेपरेकॉर्डरसकट सगळं कपाटात ठेवलं. मागच्या रविवारी क्लब नव्हता.

"तो नवा सभासद कोन?"

"मी," दाराजवळून एक जण म्हणाला. नाव लालसू, आडनाव आतला. धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात शिक्षक. पहाटेची एसटी पकडून आला होता, आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहायला. आल्यापासून हात मागे बांधून उभा होता, काही लागेल म्हणून जपल्यासारखा. जन्मात ज्याचं नाव पहिल्यांदाच यंत्रात गेलं, त्याच्या डोळ्यांदेखत ते पुसलेलं निघालं.

देवरावांना किल्लीचं विचारलं तर ते रागावले. किल्ली माझीच, माझ्याकडेच असते, आणि मी माझ्याच क्लबचे पत्ते पुसीन का, म्हणाले. प्रश्न बरोबर होता. उत्तरात एक जागा रिकामी होती, पण ती मला दिसली नाही.

खोलीत आणखी एक, मुखरू गुरनुले. मूल गावच्या एका राइस मिलमध्ये कारकून, आणि उरलेला वेळ नट. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात, आणि पट म्हटला की नाटक आलंच. मुखरूच्या मंडळाचं नाटक ह्याच महिन्यात होतं. गमत्या माणूस. वातावरण तंग झालं की तो चहा सांगायचा. आताही त्याने सांगितला. लालसूकडे पाहून म्हणाला, मास्तर इतक्या दुरून आले, काही तर आयका. आणि टेपरेकॉर्डरची वायर काढून खिशातली गाण्याची कॅसेट त्यात घातली.

गाणं सुरू झालं. पेटी, तबला, मंजिऱ्यांचा बारीक आवाज. लख्ख. लालसू पहिल्यांदा हसला.

कमळाबाईंचा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "हा टेपरेकॉर्डर असा कधी वाजत नव्हता," त्या म्हणाल्या. "गाणं घोंगडीतून आल्यासारखं यायचं. म्हणून आपण ह्याच्यावर गाणी लावणं सोडलं होतं."

मुखरूने पटकन बटण दाबून गाणं बंद केलं.

बापूराव उठले. टेपरेकॉर्डरजवळ वाकले. बटणाच्या खाचेत काहीतरी गुलाबी होतं. देवराव म्हणाले गुलाल असेल, होळी जवळ आली. बापूरावांनी नखाने ते काढलं, बोटावर चोळलं, हुंगलं आणि धोतराला पुसलं नाही. रुमालात बांधून ठेवलं.

४

"कोऱ्या कॅसेटीतून काय आयकू येते?" बापूरावांनी विचारलं.

काही नाही, देवराव म्हणाले. नुसती सरसर.

"मंग सकाळपासून ह्या दोन कॅसेटी कोनी आयकल्या काय?"

कोणी ऐकल्या नव्हत्या. कशा ऐकणार? मशीनची वायर टेपरेकॉर्डरला लावली की त्याचा भोंगा आपोआप बंद होतो. कॅसेट फिरत होती, मशीन नाही म्हणत होतं, आणि आम्ही सगळे मशीनच्या तोंडाकडे पाहत होतो. स्वतःचे कान असलेली इतकी माणसं खोलीत होती. एकानेही वायर काढली नाही. शाळा शिकलो, डिप्लोमे घेतले, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं म्हणून मानलं.

वायर आता काढलेलीच होती. बापूरावांनी पत्त्यांची कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

आधी सरसर. देवरावांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग लांबून, जणू बंद दाराच्या पलीकडून, एक आवाज चालू झाला. एकसुरी शिट्टी. मग ती फुटली आणि खरखर, किरकिर सुरू झाली. दबलेली, बोथट, पण न थांबणारी. रातकिड्यांनी भरलेलं रान दूर असावं तशी.

तीनशे माणसं त्यात होती. त्यांची गावं, त्यांची पोस्टं. सकाळपासून आम्ही ज्यांना मेलेलं धरून बसलो होतो ती सगळी बोलत होती.

"पुसलं नाई," बापूराव म्हणाले. "पत्र थैलीतच हाये. वाचणारा बदलला."

देवराव म्हणाले, पण मशीनने नवी कॅसेट वाचली. मीच दाखवलं.

"तेच तर. ह्यानं आज लिहिलेलं हा आज वाचते. ह्यानंच मांगं लिहिलेलं ह्याले आज वाचता येत नाई. म्हंजे मधात ह्याले काहीतरी झालं. आन बजारातली गाणी पयले घोंगडीतून यायची, ते आता लख्ख येतात. बिघडलेल्या वस्तूनं गाणं सुधारत नसते, साहेब. कोनीतरी हा दुरुस्त केला."

कमळाबाई टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून आत पाहत होत्या. फीत ज्याच्यावर घासत जाते तो चकचकीत तुकडा, त्याला हेड म्हणतात, आणि त्याच्या कडेला एक बारीक स्क्रू. स्क्रूवर नवा ओरखडा चमकत होता. त्या सावकाश बोलू लागल्या, वर्गात फळ्यापाशी बोलतात तशा. हे हेड पहिल्यापासून तिरपं होतं. तिरप्याने लिहिलेलं तिरप्यालाच नीट वाचता येतं. आपल्या सगळ्या कॅसेट ह्यानेच लिहिल्या आणि ह्यानेच वाचल्या, म्हणून आपल्याला कधी कळलं नाही. बाजारच्या कॅसेट सरळ हेडवर भरलेल्या, त्या इथे घुसमटायच्या. कोणीतरी हेड सरळ केलं. गाणी मोकळी झाली, आपले पत्ते घुसमटले.

"तिरपे आपण होतो," त्या म्हणाल्या. "आपसात सरळ वाटत होतो."

बापूरावांनी रुमाल उघडला आणि मुखरूसमोर धरला.

५

"खोबरेल तेलात कालवलेला रंग," ते म्हणाले. "गालाले लावाचा. कमळाबाईच्या बोटाले खडू असते. साहेबायच्या बोटाले ग्रीस. गाणं कोनाले लागत होतं, मुखरूभाऊ?"

मुखरू नटाचं हसू हसायला गेला, पण ते जमलं नाही. खाली बसला आणि सगळं सांगितलं. मंडळाचा टेपरेकॉर्डर बिघडला होता, तालमीत गाण्यांच्या चाली बसवायच्या होत्या. हा नेला. गाणं दबकं यायचं, मुख्य नट चिडला, म्हणून पेचकस घेऊन स्क्रू फिरवत फिरवत आवाज खुलवला. चांगलंच केलं असं वाटलं. पुसून परत ठेवला. सकाळी कॅसेट वाचेना, पण त्याचा आणि स्क्रूचा संबंध आहे हे त्याला कळलं नव्हतं.

"नेला होता इतकं तरी सांगायचं होतं," कमळाबाई म्हणाल्या. "मले चोर ठरवून राह्यले होते. तुमी चहा सांगितला."

तो मान खाली घालून म्हणाला, "माह्या तोंडून निघालं नाई बाई. कारण एकट्या माह्या नावावर थांबलं नसतं."

बापूरावांनी तेवढंच पाहिजे असल्यासारखी मान हलवली. कुलूप फुटलेलं नव्हतं. बाईंची किल्ली बाईंकडे होती. मग मुखरूला कपाट कोणी उघडून दिलं?

सगळे देवरावांकडे वळले.

देवरावांनी चष्मा काढून पुसला आणि कबूल केलं. क्लबची वस्तू बाहेर न्यायची नाही हा नियम त्यांचाच होता. पण नाटकाच्या रात्री त्यांना प्रमुख पाहुण्यांची खुर्ची आणि शालश्रीफळ मिळणार होतं. तेवढ्यासाठी किल्ली दिली होती. पुसलं त्यांनी नाही, हे खरं. पण सकाळपासून त्यांना ठाऊक होतं की कपाट दुसऱ्या किल्लीने उघडलं गेलं आहे. आणि तरी त्यांनी एका बाईची नोकरी घालवणारं पत्र लिहिलं, सुबक अक्षरात. गुन्हा बघायचा असेल तर तो हा. त्याला कुठलं कलम लागत नाही, म्हणून तो रोज होतो.

"ठीक आहे," देवराव म्हणाले. "पत्र फाडून टाकू. पण पत्ते तर गेलेच ना. आता हेड पहिल्यासारखं तिरपं कोण करणार? किती तिरपं होतं ते कोणाला माहीत?"

बापूरावांनी कमळाबाईंकडे पाहिलं.

६

कमळाबाईंनी खालच्या सायकलवाल्याकडून बारीक पेचकस मागवला. कॅसेट चालू केली, डोळे मिटले आणि स्क्रू केसभर फिरवला. आवाज आणखी बुडाला. उलटा फिरवला. तो थोडा वर आला. आणखी थोडा.

असं काही मी आधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. दूरचं ते रान जवळ येऊ लागलं. किरकिर टोकदार झाली, मग कर्कश, मग इतकी धारदार की दात शिवशिवले. आणि आम्ही सगळे, रागावलेले, शरमलेले, त्या कर्कश आवाजाकडे ओढले गेलो. बाई एकदा पलीकडे गेल्या, आवाज मंदावला, त्या तितक्याच मागे आल्या. थांबल्या.

वायर लावली. खोली शांत झाली. टीव्हीच्या कडेला निळेपिवळे पट्टे धावू लागले, पावसाच्या सरीसारखे. पट्टे थांबले.

पडद्यावर सिरोंचा आलं. अहेरी आलं. मूल आलं. बाई बटण दाबत होत्या आणि गावं वर सरकत होती.

मग त्यांनी गाण्याची कॅसेट घालून स्क्रू मुखरूने आणला होता तिथे, सरळ जागी परत नेला, आणि सगळे पत्ते नव्या कॅसेटवर लिहिले. तिरप्याने वाचून घेतलं, सरळ करून उतरवलं.

देवराव म्हणाले, झालं ते विसरून जाऊ. बाई म्हणाल्या, "विसरू. पण आधी सगळ्यायले कळू द्या, मंग विसरता येईल." बापूरावांनी सकाळी ठेवून घेतलेलं पत्र खिशातून काढून देवरावांपुढे ठेवलं आणि पाठीमागची कोरी बाजू वर केली. बाईंनी मजकूर सांगितला, देवरावांनी त्याच सुबक अक्षरात लिहिला, मी स्टेन्सिल कापलं. पत्त्यांचा प्रोग्राम कमळा रामटेके यांचा आहे. पत्ते कोणी पुसले नव्हते. अध्यक्षांनी आपली किल्ली दुसऱ्याला दिली होती आणि ते लपवून बाईंवर आळ घेतला. खाली सही. मुखरूने कोणी न सांगता स्वतःचं नाव त्यात घालायला लावलं.

चंदेरी पट्टी निघायला लागली. ज्या प्रोग्रामवरून भांडण झालं, त्यानेच ही माफी तीनशे सभासदांना जाणार होती.

लालसू कमळाबाईंजवळ आला. इतक्या वेळाने पहिल्यांदा त्याचे हात सुटे होते. ती जुनी कॅसेट परत ऐकवाल का, म्हणाला. "त्यात मी कुठी आहे?"

बाई हसल्या. "शेवटी. तुमाले शेवटी जोडलं होतं. आवाज बंद व्हायच्या आधीचं ते तुमचं."

त्यांनी त्याच्यासाठी स्क्रू पुन्हा तिरपा केला आणि कॅसेट लावली. आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो, देवरावसुद्धा. किरकिर चालत राहिली, चालत राहिली, आणि अगदी टोकाला एक छोटासा वेगळा खडखडाट झाला आणि ती थांबली.

"एवढासा," लालसू म्हणाला. "पण आहे."

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. मी त्याचं बुलेटिन चंदेरी पट्टी लावून त्याच्या पुढे केलं, घेऊन जा म्हणालो, टपालाचा फेरा वाचेल. त्याने घेतलं नाही.

"पोस्टानंच पाठवा," तो म्हणाला. "आमच्याकडं पोस्टमन झाडाखाली बसून एकेकाचं नाव सगळ्यांसमोर वाचतो."